करसवलतीसाठी दिलेली ब्युइक

आमच्या लिंडॉल गावात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. हात हलवायचा नाही. हात फार्गो शहरातली माणसं हलवतात, नाहीतर रस्ता चुकलेले पाहुणे. आपण नुसती तर्जनी उचलायची, तीही बेतानं, आणि समोरच्यानं त्याची उचलायची. तब्येत कशी, गव्हाचं काय, मुलगी कधी येणार, सगळी विचारपूस तेवढ्यात उरकते. आणि आमच्याकडं माणूस बघून कोणी बोट उचलत नाही, गाडी बघून उचलतं. हिवाळ्यात काचा निम्म्या बर्फानं माखलेल्या असतात, आत कोण बसलंय ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

व्हर्लिन हाउगस्टाडची मरून रंगाची ब्युइक गाडी मैलावरून ओळखू यायची. व्हर्लिननं उभी हयात जिल्ह्याच्या रस्त्यांवरचं बर्फ बाजूला सारणारा ट्रक चालवला होता. एका वादळात शेजारच्या लॉवेलची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा रुग्णवाहिकेच्या पुढं ट्रक घालून त्यानं तिला थेट दवाखान्याच्या दारापर्यंत वाट काढून दिली. लॉवेल आभार मानायला आला तर हा म्हणाला, "रस्ता तसाही काढायचाच होता." लॉवेलही जास्त काही बोलला नाही. पुढच्या रविवारी घरी भाजलेला ॲपल पाय आला आणि विषय मिटला. आम्ही लोक असेच आहोत. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमचा हात धरणारा या डाकोटात कोणी नाही.

व्हर्लिन हिशेबाचाही पक्का. बायको अर्डिस होती तेव्हापासून दर वसंतात स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिल टोकदार करून बसायचा आणि स्वतःचा कर स्वतः भरायचा. सरकारला एक डॉलर कमी द्यायचा नाही आणि एक जास्त तर मुळीच नाही, असा त्याचा खाक्या. घराचं कर्ज फिटलं तेव्हा त्यानं अर्डिसला नियम समजावून सांगितला होता. आता आपण सरकार सगळ्यांना देतं ती ठरावीक, सरसकट वजावट घ्यायची, दानधर्माच्या पावत्या जपून उपयोग नाही, आपल्यासारख्यांना त्यावर छदाम सुटत नाही. अर्डिस म्हणाली होती, "म्हणजे आता दान केलं तर ते नुसतं दानच." आणि दर रविवारी चर्चच्या ताटलीत टाकायची रक्कम तिनं त्याला न विचारता वाढवली होती.

अर्डिस गेली आणि दोन-तीन वर्षांत व्हर्लिनचे डोळे जायला लागले. कडेचं सगळं दिसायचं. खड्डा दिसायचा, कुंपण दिसायचं, रस्त्याची पांढरी रेघ दिसायची. मध्यभागी मात्र कुणी ओल्या अंगठ्यानं पुसून टाकावं तसं व्हायचं, आणि माणसाचा चेहरा नेमका मध्यभागीच असतो. फार्गोच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. मुलीनं फोनवर विचारलं तेव्हा व्हर्लिन म्हणाला, "वाईट नाही म्हणाला." डॉक्टर असं काहीही म्हणाला नव्हता.

तो गाडी चालवतच राहिला. पांढऱ्यातलं पांढरं बघत ट्रक हाकलेला माणूस, त्याला रस्ते पाठ होते. समोरून कसलाही ठिपका आला की तो बोट उचलायचा. एकदा त्यानं रस्त्याकडेला उभ्या केलेल्या धान्याच्या ट्रेलरला बोट उचललं. कॅफेच्या खिडकीतून सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले. एकदा लॉवेलची रस्त्याकडेच्या खांबावरची पत्रपेटी आडवी झाली. लॉवेलनं ती मुकाट्यानं उभी केली आणि वाऱ्यानं पडली म्हणाला. लिंडॉलमध्ये वारा बारा महिने असतो, त्यामुळं त्याच्यावर काहीही ढकलता येतं.

मग नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी ते झालं. चर्चच्या आवारात व्हर्लिन गाडी मागं घेत होता आणि मागं काहीतरी थडकलं. मऊ, पण भरीव. तो उतरला, गाडीला धरून धरून मागं गेला आणि खाली वाकून चाचपायला लागला. हाताला लोकरीची टोपी लागली, छोटी, गोंडा असलेली. तो टोपीखालचं डोकं शोधायला लागला. मग बोटं आणखी पुढं सरकली तेव्हा कळलं की खाली सगळं बर्फ आहे. रविवारच्या शाळेतल्या पोरांनी केलेला बर्फाचा माणूस होता तो. व्हर्लिननं फुटलेलं बर्फ हातांनी गोळा करून त्यावर टोपी ठेवली. ती नीट बसेना. मग त्यानं माणसाच्या चालीनं गाडी घरी आणली.

त्या दिवशी त्याला कळून चुकलं की आता किल्ली खाली ठेवायला हवी. पण ठेवायची म्हणजे मला दिसत नाही हे तोंडानं म्हणायला हवं. आणि आमच्याकडं पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आज किल्ली जाते, उद्या घर जातं, आणि मग वृद्धाश्रमातल्या खोलीच्या दारावर आपल्या नावाची पट्टी लागते. अर्डिसच्या पडद्यांच्या घरातून त्याला कुठंही जायचं नव्हतं. म्हणून तो गप्प राहिला, आणि रोज सकाळी कॅफेला जाताना जीव मुठीत धरून गाडी काढत राहिला. जीव स्वतःचा नव्हे, रस्त्यावरच्यांचा.

इकडं लॉवेलनं फार्गोला व्हर्लिनच्या मुलीला, डार्लाला, फोन केला. थंडीबद्दल बोलला, बीटच्या पिकाबद्दल बोलला, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "बाबांची पत्रपेटी ठीक आहे ना गं? नाही, माझी पडली परवा." डार्ला याच गावात वाढलेली. तिला सगळं समजलं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती आली. टेबलावर ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश होती, बाहेर खिडकीएवढं बर्फ. ती बँकेत नोकरीला, माणसांना कर्ज नाकारायची तिला सवय. पण बापासमोर बसली आणि काट्यानं नुसतेच बटाटे इकडचे तिकडं करत राहिली.

"बाबा, यंदा कराचं काय करताय?"

"दरवर्षी करतो तेच. भरतो."

"तसं नाही हो. गाडी दान केली ना, तर करात सवलत मिळते. फक्त एकतीस डिसेंबरच्या आत द्यायला हवी, म्हणजे याच वर्षात धरतात. आमच्या बँकेत सगळे तेच करतायत."

"सगळे गाड्या वाटत सुटलेत? मग बँकेत जातात कसे?"

"जुन्या गाड्या, बाबा."

"माझी कुठं जुनी आहे?"

"ती आता मतदान करू शकेल एवढी झालीय."

व्हर्लिन चावायचा थांबला. ही बँकेत आहे, त्याच्या मनात आलं. सरसकट वजावट घेणाऱ्या म्हाताऱ्याला गाडी दिली काय आणि विहिरीत ढकलली काय, करात काडीचा फरक पडत नाही, हे हिला माहीत नाही? हिनंच तर कॉलेजात असताना याच टेबलावर त्याच्या बेरजा तपासल्या होत्या. म्हणजे ही खोटं बोलतेय. तिचा आवाज थोडा वर चढला होता, लहानपणी फुटलेली बशी लपवताना चढायचा तसा. आणि एकाएकी त्याला कळलं की पोरगी आपल्याला दोर टाकतेय. न दिसण्याचं नाव न काढता, मान खाली न घालता बाहेर यायची वाट काढून देतेय. त्याला तिची माया आली आणि स्वतःची लाजही वाटली.

"किती सवलत?" त्यानं विचारलं.

डार्लाला हायसं वाटलेलं त्याला दिसलं नाही, पण ऐकू आलं. ती घडाघडा बोलायला लागली. "संस्थेनं लिलावात विकली तर जेवढ्याला जाईल तेवढीच. पण कुणा गरजूला वापरायला दिली तर बाजारभावाची पूर्ण."

"मग लिलाव कशाला? पूर्णच घ्यावी. लॉवेल आणि ती मंडळी चर्चच्या गॅरेजात गाड्या दुरुस्त करून देतात ना, ज्यांना कामावर जायला गाडी नाही त्यांना. तिथं देऊ."

"चालेल की!"

"आणि मी फिरू कशात?" हे त्यानं बशीकडं बघत विचारलं.

"वसंतात बघू ना दुसरी."

"बघू," व्हर्लिन म्हणाला. वसंतात काही बघितलं जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं आणखी एक डाव हॉटडिश वाढून घेतली. "सवलत सोडणं बरं नव्हे."

वर्ष संपायला आलं तेव्हा त्यांनी गाडी रिकामी केली. बर्फ खरवडायची पट्टी, चर्चची जुनी पत्रकं, अर्डिसच्या पुदिन्याच्या गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या. मागच्या सीटखाली कॉफीचा पत्र्याचा डबा होता. त्यात मेणबत्ती, काडेपेटी आणि चॉकलेटं, वादळात अडकलं तर जीव तगवायला.

"हा घरात ठेवू?" डार्लानं विचारलं.

"राहू दे तिथंच. गाडी कुणाची का असेना, गारठा तोच."

त्या नादात समोरच्या काचेवर ऊन अडवायला असते त्या झडपेला अडकवलेला, घरच्या गॅरेजचं दार उघडायचा रिमोट दोघांनीही काढला नाही.

निघायच्या वेळी व्हर्लिन किल्ली घेऊन सवयीनं डावीकडं, चालकाच्या बाजूला गेला. दाराच्या मुठीवर हात ठेवला. शेवटची फेरी होती. तो सगळा रस्ता त्यानं किती हिवाळे स्वतः मोकळा केला होता, एकेक वळण त्याच्या खांद्यांना माहीत होतं. डार्ला दुसऱ्या बाजूला उभी राहिली. तिनं श्वास धरून ठेवलाय हे त्याला जाणवलं. मग हाताला ती गोंड्याची टोपी आठवली.

"गुडघा ठणकतोय," तो म्हणाला. "तूच चालव."

"बरं," डार्ला म्हणाली. कुठला गुडघा ते तिनं विचारलं नाही.

वाटेत दोन-चार गाड्या समोरून गेल्या. "बोट उचल," त्यानं तिला सांगितलं. फार्गोत राहून ती विसरली होती. मग ती उचलत गेली, आणि तो शेजारी बसून उजवीकडचं कुंपण बघत राहिला.

गॅरेजात लॉवेलनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "वाईट नाही." आमच्याकडं याहून मोठं पदक नाही. मालकीच्या कागदावर सही करायची होती. लॉवेलनं रेघ सुरू होते तिथं आपलं जाडजूड बोट टेकवून ठेवलं. "इथं. शाई काय बेकार वापरतात हल्ली, मला पण धड दिसत नाही." व्हर्लिननं त्या बोटाला लागून सही केली.

"एकतीसच्या आत झालं," लॉवेल गंभीरपणे म्हणाला. सवलतीची गोष्ट त्यालाही कळवलेली होती तर.

"झालं," व्हर्लिन म्हणाला.

जानेवारी मात्र त्याला खायला उठला. लॉवेल दारात यायचा, "मी तसाही कॅफेकडंच चाललोय" म्हणायचा. व्हर्लिन म्हणायचा, "नको, आज बरंय इथंच." दुसरा कोणी चर्चला न्यायला यायचा, त्यालाही हेच. न्यायला येणारा खोटं बोलायचा, न जाणाराही खोटं बोलायचा, आणि दोघं थंडीबद्दल दोन शब्द बोलून सुटायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. व्हर्लिन दिवसभर पुढच्या खोलीच्या खिडकीशी बसायचा. रस्त्यावरून काही सरकलं की खुर्चीच्या हातावरचं त्याचं बोट आपोआप उठायचं. त्याला कोण बघतंय?

गॅरेजचं दार हल्ली रोज धडधडायचं आणि व्हर्लिन ते वाऱ्यावर ढकलायचा. एका शनिवारी दुपारी डार्ला आलेली असताना ते आपोआप उघडलं. मग बंद झालं. मग पुन्हा उघडलं.

"उफ् दा!" व्हर्लिनच्या तोंडून आमच्याकडचं 'अरे देवा' निघालं आणि दोघं कोट चढवून बाहेर आले. दारात एक मरून धब्बा उभा होता. इंजिनाच्या आवाजावरून त्यानं तो तत्काळ ओळखला. वृद्धाश्रमातल्या सेविकांचा निळा झगा आणि वर जाड कोट घातलेली एक तरुण बाई रिमोट हातात धरून घाबरून उभी होती.

"माफ करा हं! मी शॉना. मला वाटलं ही कळ गाडीचीच कसली तरी आहे. मी रोज इथून जाताना दाबते आणि रोज कुणाचं तरी दार उघडतं. आज म्हटलं बघावंच. लॉवेलकाकांनी सांगितलं गाडी तुमची होती."

"आलीच आहेस तर कॉफी घे," व्हर्लिन म्हणाला. "तशीही केलेलीच आहे."

कॉफी कोणी केलेली नव्हती. डार्ला आत पळाली.

शॉना टेक्ससची. दोन वर्षांपूर्वी कामासाठी आलेली, दोन्ही हिवाळे कामावर चालत गेलेली. तिच्या बोलण्याला आडपडदा नव्हता. "खरं सांगू? दोन वर्षांत इथं माझ्याशी कोणी बोललं नाही. आणि आता ही गाडी घेतल्यापासून येणारा-जाणारा मला बोट दाखवतोय. पहिल्या दिवशी मला वाटलं शिव्याच देतायत. मग नीट बघितलं, म्हटलं, नाही, ते बोट नाही हे."

डार्ला हसता हसता कॉफी सांडून बसली. व्हर्लिनही हसला, कितीतरी दिवसांनी.

"ते तुला नाही, ब्युइकला उचलतात," तो म्हणाला. "तूही उचलायचंस."

"पण मी ओळखत नाही कोणालाच. समोर कोण आहे ते कळल्याशिवाय कसं उचलू?"

व्हर्लिननं कप खाली ठेवला. समोर ती होती, म्हणजे तिच्या जागी पुसट काहीतरी होतं, आणि कडेला अर्डिसचे पडदे स्पष्ट दिसत होते. ही परकी पोर मनात येईल ते बोलतेय, आणि आपण जन्म या गावात काढून एक वाक्य बोलू शकलो नाही.

"कळायची गरज नसते," तो म्हणाला. "मी दोन वर्षं न कळताच उचलत होतो. मला दिसत नाही. माणसाचं तोंड तर मुळीच नाही. तुझंही दिसत नाहीये आत्ता."

कॉफी पुसायचं फडकं टाकून डार्ला त्याच्याजवळ आली.

"चर्चच्या आवारात पोरांचा बर्फाचा माणूस फोडला मी," तो सांगत सुटला. "टोपी हाताला लागली. मला वाटलं, गेलं कुणाचं तरी पोर. त्या दिवसापासून मला द्यायचीच होती गाडी. सांगता येत नव्हतं."

"बाबा..." डार्ला म्हणाली. "मग ती सवलत..."

"कसली सवलत? घराचं कर्ज फिटल्यापासून मला दानावर एक छदाम सुटलेला नाही. बँकेत तू आहेस, मी नाही."

डार्ला खुर्चीत बसली. हसू का रडू ते तिला कळेना, तिनं दोन्ही केलं. "मी आठवडाभर पाठ केलं होतं ते," ती म्हणाली. "फार्गोपासून गाडीत मोठ्यानं म्हणत आले होते."

"छान म्हटलंस. वाईट नाही."

मग तिनं विचारलं, "घर सोडावं लागेल अशी भीती वाटली का तुम्हाला?" त्यानं मान हलवली. "हो," तो म्हणाला. "वाटते अजून." तिनं त्याचा हात धरला, आणि त्यानं तो काढून घेतला नाही. आमच्याकडं एवढं पुष्कळ झालं.

शॉना दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "तुम्हाला कुठं जायचं असतं एरवी?" तिनं विचारलं.

"सकाळी कॅफेला. पण ते काही..."

"मी रात्रपाळी संपवून सकाळी सातला सुटते. येते न्यायला."

"तुला वाटेवर पडतं का?" त्यानं सवयीनं विचारलं. वाटेवर पडतं म्हणायचं, मग दुसऱ्यानं नको म्हणायचं, असा आमचा शिरस्ता.

"छे, चांगलं उलटं पडतं," शॉना म्हणाली. "पण येते."

यावर काय उत्तर द्यायचं ते लिंडॉलमध्ये कोणी कोणाला शिकवलेलं नाही. व्हर्लिन म्हणाला, "बरं. ये." तिनं रिमोट टेबलावर ठेवला तसा त्यानं चाचपून तो तिच्याकडं सरकवला. "हा तुझ्याकडंच राहू दे. फार बर्फ असेल तेव्हा गाडी आत घालत जा. तिला तिथली सवय आहे."

ती गेली तेव्हा तो खिडकीशी येऊन उभा राहिला. मरून धब्बा मागं सरकला, वळला, रस्त्याला लागला. व्हर्लिननं तर्जनी उचलली, बेतानं. धब्बा हळूहळू पुढं गेला. आजवर त्यानं हे कधीच कुणाला विचारलं नव्हतं.

"डार्ला, तिनं उचललं का गं?"

डार्ला त्याच्या खांद्याशी आली आणि बाहेर बघून म्हणाली, "अख्खा हात हलवतेय हो, बाबा."

"शिकेल," व्हर्लिन म्हणाला.